काहिलीची कडी

आमच्या घरी पणजोबांचा म्हाळ भाद्रपद वद्य चतुर्दशीला घातला जातो. पितृपक्षात इतर पूर्वजांसाठी ज्याची त्याची तिथी असते. शस्त्राने, अपघाताने किंवा अशाच आकस्मिक कारणाने गेलेल्यांसाठी मात्र ही एकच तिथी राखलेली आहे आणि पंचांगात ती ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ म्हणून छापलेली असते. पणजोबांचा मृत्यू अपघाती होता, एवढी गोष्ट त्यामुळे कोणी लिहून न ठेवताही पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. तिच्याबरोबर दुसरीही एक गोष्ट टिकली. गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी पसरट कढई, उतरवताना त्यांच्या धाकट्या भावाने जमिनीच्या लोभाने मुद्दाम हात सोडला आणि पणजोबा जागीच गेले, असे आमच्या घरात सांगितले जात असे. त्या एका वाक्यापायी गावातील आमची दोन घरे एकमेकांच्या लग्नकार्याला गेली नाहीत. माझे वडील वारले तेव्हा मात्र त्या घराने दहा दिवस सुतक पाळल्याचे मला नंतर कळले, आणि या मृत्यूचे कागद कुठे असतील तर ते पाहावेत, असे तेव्हापासून मनाने घेतले. गुऱ्हाळे चालू असतानाच जायचे म्हणून पौष महिना निवडला.

रविवार

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापूरला उतरून शुक्रवार पेठेत आत्तींकडे गेले. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. पणजोबांच्या मागे राहिलेल्या पणजीच्या हाताखाली त्या वाढल्या, त्यामुळे घरातील ही कथा मूळ तोंडून ऐकलेल्या त्या आता एकट्याच उरल्या आहेत. मी त्यांना मध्ये प्रश्न न विचारता सगळे सांगू दिले, कारण अशी कथा वर्षानुवर्षे एकाच चालीवर सांगितली गेलेली असते आणि मध्येच अडवले की सांगणारा फक्त ठरलेली वाक्ये सांगून थांबतो.

जेवणानंतर त्या पुन्हा आपणहून बोलू लागल्या. ‘‘आज्जी म्हणायची, मी जात्यावर बसलोवतो, तवर थोरल्या दवाखान्यातनं माणूस आला सांगाय.’’ हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतले. थोरला दवाखाना म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, कोल्हापूरकरांचे सी.पी.आर.; संस्थानी काळात त्याचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. पणजोबा गुऱ्हाळावर जागीच गेले असतील, तर मृत्यूची बातमी दवाखान्यातून येण्याचे कारण नव्हते. आत्तींनी हे वाक्य आयुष्यभर सांगितले होते आणि आम्ही ते आयुष्यभर ऐकले होते.

वर्षाचा अंदाज एका गोष्टीवरून बांधला. शाहू महाराजांचे निधन 1922 साली झाले आणि त्यानंतर राजाराम महाराज गादीवर आले; पणजोबांनी ‘नव्या महाराजांची’ मिरवणूक पाहिली होती, असे पणजी सांगत. दुसरा धागा हेळव्याचा. आमच्या भागात हेळवी काही वर्षांच्या अंतराने दारी येतो, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो, नवी नावे वहीत चढवतो आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. मागच्या फेरीत त्याने म्हटलेली आमची वंशावळ आत्तेभावाने ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. तीत पणजोबांच्या नावापुढे ‘गुऱ्हाळात भाजून’ एवढेच आहे आणि लगेच त्यांच्या मुलाचे नाव येते. भावाविषयी हेळव्याच्या वंशावळीत एक शब्दही वाईट नाही.

सोमवार

आत्तेभावाबरोबर तहसील कचेरीत गेले. आमचे गाव करवीर तालुक्यातले, पंचगंगेच्या पलीकडच्या काठाचे, पन्हाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांना कोतवाल बुक किंवा गाव नमुना 14 म्हणतात, तालुक्याच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर या वह्या चाळल्या गेल्या. आम्ही अर्ज लिहिला, तिकीट लावले, आणि गावाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, टेबलावर आले. सोबत एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांनी मोडीचा अभ्यास नोकरीत असतानाच केला होता. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून मीही येथे तसेच म्हणते.

गुरुजींनी पहिल्या पानांवरच अक्षराचा बदल दाखवला. शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याआधीचे वळणदार, लपेटीचे मोडी अक्षर आणि नंतरचे शाळेत घोटलेले अक्षर यांतला फरक शिकवल्यावर मलाही ओळखू येऊ लागला. मृत्यूच्या कारणांचे शब्द ठरलेले असत : ताप, पटकी, देवी, प्लेग, हगवण, इजा. 1918 च्या पावसाळ्यानंतरची पाने एकाच शब्दाने भरली होती. ती मानमोडीची साथ, जिला जग इन्फ्लुएन्झा म्हणून ओळखते. गावच्या तलाठ्याला तिच्यासाठी ‘ताप’ याखेरीज रकाना नव्हता. एका घरातील तीन माणसे लागोपाठच्या ओळींत लिहिलेली पाहिली तेव्हा गुरुजी वाचता वाचता थांबले. आम्ही शोधत होतो ते नाव तेथे नव्हते, तरी ती पाने भराभर उलटावीत असे कोणालाच वाटले नाही.

पुढची वर्षे आम्ही एकेक ओळ करून पाहिली. ‘इजा’ या कारणाखाली विहिरीत पडलेला मुलगा, साप चावलेली बाई, झाडावरून पडलेला गुराखी असे मृत्यू सापडले. पणजोबा सापडले नाहीत. आमच्या घरात या गोष्टीचाही एक अर्थ लावलेला होता, की धाकट्या भावाने गावातील वजन वापरून नोंदच होऊ दिली नाही. गुरुजींनी शांतपणे समजावले की मृत्यूची नोंद माणूस जेथे राहतो तेथे होत नसते, तो जेथे मरतो तेथे होते. आजच्या 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही तेच तत्त्व आहे. दवाखान्यातून माणूस आला होता हे खरे असेल, तर नोंद शहराच्या वहीत असायला हवी होती.

मंगळवार

कोल्हापूरची नगरपालिका 1854 सालची, महानगरपालिका 1972 सालची. शहरातल्या मृत्यूंच्या जुन्या वह्या पाहण्यासाठी रीतसर अर्ज केला आणि दुपारपर्यंत थांबल्यावर त्या पाहायला मिळाल्या. या वह्यांत परगावच्या माणसांपुढे गावाचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. गुरुजींचे बोट गावाच्या नावावर थांबले, मग माणसाच्या, मग बापाच्या. वय अदमासे बत्तीस. ठिकाण दवाखाना. कारण ‘भाजून’.

पणजोबा तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. घरात त्यांचे छायाचित्र नाही, आणि पणजोबा म्हटल्यावर मनात कायम पिकल्या मिशांचा म्हातारा उभा राहत आलेला होता. माझ्या धाकट्या भावापेक्षाही ते लहान होते.

संध्याकाळी पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावर जाऊन आले. जखमी माणसाला घेऊन निघालेली बैलगाडी आमच्या गावाहून थोरल्या दवाखान्याकडे याच वाटेने आली असणार. एवढ्या धक्क्यांचा प्रवास करून त्यांना दवाखान्यात आणले, म्हणजे त्यांना वाचवण्याची कोणाला तरी तळमळ होती. ते कोण, हे त्या नोंदीत नव्हते.

पुढे कोठे पाहावे, याविषयी गुरुजींचे मत मला पटले. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानच्या दप्तरांचा मोठा साठा आहे, पण एका खेड्यातल्या अपघाताचा पंचनामा तेथे थेट हाती लागेल, अशी आशा धरणे योग्य नव्हते. आकस्मिक मृत्यू झाला की पोलीस पाटलाची वर्दी, फौजदाराचा पंचनामा आणि जबाब हा क्रम ठरलेला असे, आणि ज्याच्यावर गावाचा संशय असे तो माणूस पैसे भरून त्या कागदांची नक्कल घेऊन ठेवी, कारण पुढे कधी भाऊबंदकी उकरली गेली तर त्याला तोच आधार होता. गुरुजी म्हणाले, ‘‘कागद असलाच तर त्या घरी असेल.’’

बुधवार

त्या घरी जाण्याआधी काहील उतरवतात म्हणजे काय करतात, हे डोळ्यांनी पाहणे मला आवश्यक वाटले. आत्तेभावाच्या ओळखीच्या एका गुऱ्हाळावर पहाटेच पोहोचलो. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, तिला मुंबई-पुण्याकडे जाणारी रेल्वे 1891 पासून मिळालेली होती, आणि त्यामुळे नदीकाठच्या गावांतून मळ्यामळ्यात गुऱ्हाळे उभी राहिली. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण साखर कारखान्यांपुढे गुऱ्हाळांची संख्या उतरतच गेली आहे.

येथील चरक आता विजेवर चालतो. उसाचा रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत असतात आणि जाळ घालणारा माणूस धगीकडे पाठ न करता सारखा चिपाडे सारत राहतो. रस तापू लागला की रानभेंडीचे चिकट पाणी घालून वर आलेली मळी काढतात. मग पाणी आटते, काकवी होते, तिच्यावर सोनेरी फेस चढतो आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कसबी माणूस, सोडून कोणी बोलत नाही. तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का पाहतो. हा क्षण साधला नाही तर आधण वाया जाते, म्हणून गुळव्याने ‘उतरवा’ म्हटले की सगळे एकदम धावतात. पाक तेव्हा 118 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे उकळत्या पाण्याहून बराच अधिक तापलेला, शिवाय चिकट. अंगावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो आणि भाजणे आत आत जात राहते.

या गुऱ्हाळावर काहील उचलायला साखळीची कप्पी आहे. जुन्या काळी काय करत, असे विचारल्यावर तेथील सत्तरीच्या गुळव्याने दोन माणसांना बोलावून हाताने दाखवले. काहिलीच्या काठाला कड्या असत, त्यांत वासे घालून माणसे दोन्ही बाजूंनी ती उचलत आणि चार पावले चालून पाक थंड करायच्या वाफ्यात ओतत. पायाखाली ओली चिपाडे, डोळ्यांपुढे वाफ. ‘‘एकानं जरी वासा सोडला, तर जो सोडंल त्येच्याच अंगावर येती,’’ ते म्हणाले, ‘‘पल्याडच्याच्या न्हाई.’’ काहील ज्या बाजूला आधार सुटतो त्या बाजूला कलते. आमच्या घरातील कथेत धाकटा भाऊ समोरच्या बाजूला उभा होता आणि त्याने हात सोडल्यावर रस पणजोबांच्या अंगावर आला, असे सांगत आले आहेत. गुळव्यांनी एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीच तपासली नव्हती, कारण आमच्या घराने त्यानंतर पुन्हा गुऱ्हाळ लावलेच नाही.

गुरुवार

धाकट्या पणजोबांचे नातू, ज्यांना गाव अण्णा म्हणते, ते माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. आत्तेभावाने आधी निरोप दिला होता. मी उंबऱ्यात थांबले तेव्हा ते स्वतः उठून दारापर्यंत आले. ‘‘ये बाई, आत ये. तुझ्या बाला एकदा तरी या सोप्यात बसवायचा हुता.’’ काकींनी हळदीकुंकू लावले, चहा दिला. पहिला अर्धा तास त्यांनी वडिलांच्या आजारपणाचीच चौकशी केली, आणि मी ज्या कामासाठी आले होते ते काढायला माझी जीभ रेटेना. शेवटी तो विषय अण्णांनीच काढला.

त्यांनी माळ्यावरून पत्र्याची नळी आणली. आत कोल्हापूर संस्थानच्या मुद्रांकावर लिहिलेली मोडी नक्कल होती, घड्यांवर फाटलेली, पण शाई ठळक. त्यांच्या घरात हा कागद वाचता येणारा माणूस आजोबांनंतर राहिला नव्हता; आत काय आहे हे अण्णांना ऐकून माहीत होते आणि ऐकीव म्हणूनच कोणी त्यावर विश्वास ठेवत नव्हते. गुरुजींनी प्रथम तारीख लावली. कागदावर तिथी आणि फसली, म्हणजे महसुली, सन होता. दख्खनी फसली सन जूनमध्ये मृगाला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढताना डिसेंबरपर्यंतच्या कागदासाठी त्यात 590 आणि जानेवारीनंतरच्या कागदासाठी 591 मिळवावे लागतात. हिशेब केल्यावर अपघात आणि महापालिकेच्या वहीतील मृत्यू यांत तीन दिवसांचे अंतर निघाले. पणजोबा तीन दिवस जिवंत होते.

मग गुरुजी सावकाश वाचत गेले आणि आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसून ऐकत राहिलो. पंचांनी चुलवाणापासून वाफ्यापर्यंतचे अंतर हातांत मोजून लिहिले होते. काहिलीच्या कड्यांपैकी एक कडी निखळून वाशातच अडकलेली मिळाली, तिचे दोन रिबिट जुनेच गेलेले आणि उरलेले झिजलेले होते, असे स्वच्छ लिहिले होते. ती कडी मयताच्या स्वतःच्या बाजूची होती. धाकटा भाऊ पलीकडच्या बाजूला होता, वासा त्याच्या खांद्यावरच होता, आणि काहील कलल्यावर तो चुलवाणाला वळसा घालून आला आणि त्याने भावाला पाकातून ओढून काढले, असे दोन गड्यांच्या जबाबात होते. बैलगाडी जुंपून दवाखान्यात नेणाराही तोच होता.

दवाखान्यात फौजदाराने पणजोबांचाही जबाब घेतला होता. तो अगदी लहान, पाच-सहा ओळींचा. कडी तुटली, भावाने बाहेर काढले, माझा कोणावर संशय नाही, आणि मुलगा लहान आहे, एवढाच त्याचा आशय. शेवटचे वाक्य पंचनाम्याला लागणारे नव्हते. लिहिणाऱ्या कारकुनाने ते गाळले नाही, याबद्दल मला त्या अनोळखी माणसाविषयी फार कृतज्ञता वाटली. अंगाचा मोठा भाग भाजलेल्या माणसाच्या शरीरातील पाणी झपाट्याने जाते आणि मग जखमा चिघळतात. शिरेतून सलाइन देण्याची आजची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती आणि पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला 1940 चे दशक उजाडावे लागले. शुद्धीवर असलेल्या, बोलू शकणाऱ्या त्या तीन दिवसांत त्यांना स्वतःचे काय होणार, हे बहुधा कळलेले होते.

धाकट्या भावाच्या जबाबाखाली गुरुजी पुन्हा थांबले. बाकी सगळ्यांखाली डाव्या हाताचा अंगठा होता. येथे मात्र नांगराची निशाणी काढलेली होती आणि शेजारी कारण लिहिले होते : दोन्ही हातांस भाजल्याने पट्ट्या असल्यामुळे अंगठा घेता आला नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपले दोन्ही तळवे पुढे धरून दाखवले, की आजोबांची बोटे कधी पुरी मिटत नव्हती, भाकरी ते दोन तळव्यांत धरून खात, आणि लहानपणी नातवंडांना वाटे की म्हाताऱ्या माणसांचे हात असेच असतात. गुऱ्हाळाच्या वाटेलाही ते पुन्हा गेले नाहीत.

रात्री आत्तींना सगळे वाचून दाखवले. त्यांनी नांगराची निशाणी दोनदा बोट फिरवून पाहिली. ‘‘मग आज्जी आमची खोटं का बोलंल?’’ त्यांनी विचारले. तो प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर पंचनाम्यात नव्हते.

शुक्रवार

पुन्हा तहसील कचेरी, या वेळी आमच्या गटांचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावे बदलल्याच्या नोंदी. वारसाच्या फेरफारात आजोबांचे नाव लागले होते आणि पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, म्हणून चुलत्याचे नाव. पणजीचे नाव कोठेही नव्हते. एकत्र कुटुंबातील विधवेला त्या काळच्या हिंदू कायद्याने अन्नवस्त्राखेरीज हक्क नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातसुद्धा तिला मर्यादित हिस्सा देणारा कायदा 1937 साली आला. पंचविशीच्या आतल्या त्या बाईने गुऱ्हाळावर काय झाले ते पाहिले नव्हते. नवरा गाडीतून गेला तो परतला नाही, आणि थोड्याच महिन्यांत त्याच्या जमिनीच्या कागदावर दिराचे नाव चढले, एवढे मात्र तिने पाहिले. जमिनीच्या बाबतीत तिच्यावर अन्याय झाला होता. तो कायद्याने केला होता, पण तिच्यासमोर उभा राहणारा माणूस दीर होता, आणि पंचनामा तिला कोणी वाचून दाखवला असेल असे मला वाटत नाही. आत्तींना मी हेच उत्तर दिले, आणि पणजीला खोटारडी म्हणायला मी तयार नाही, हेही सांगितले.

त्याच वहीत काही वर्षांनंतरचा दुसरा फेरफार निघाला. अज्ञान वारस सज्ञान झाल्याने पालकाचे नाव कमी केले, निम्मा हिस्सा वेगळा लावला; अर्ज देणाराच्या जागी धाकट्या पणजोबांचे नाव. कोणी तक्रार केली म्हणून किंवा कोर्टाच्या हुकमाने हे झाल्याचा शेरा नाही. आजोबांनी ही जमीन आयुष्यभर कसली आणि ती त्यांना कशी मिळाली, याविषयी घरात कोणी कधी बोलल्याचे आत्तींना आठवत नाही.

दोन्ही फेरफारांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज देऊन ठेवला आहे. त्या आत्तेभाऊ घेऊन येईल. पंचनाम्याचे देवनागरी लिप्यंतर गुरुजी करत आहेत. त्याची एक प्रत अण्णांकडे आणि एक आमच्याकडे राहील, आणि आत्तींना त्यांची स्वतःची प्रत मोठ्या अक्षरांत हवी आहे. मूळ नक्कल घड्यांवर आणखी फाटण्याआधी तिची नीट छायाचित्रे काढली असून ती पत्र्याच्या नळीतून काढून आम्लविरहित कागदात सपाट ठेवायला अण्णा तयार झाले आहेत. हेळवी पुढच्या फेरीला येईल तेव्हा त्याच्या वहीत घालायची ओळही अण्णांनी आणि आत्तींनी फोनवर बोलून ठरवली. तीत कडी तुटल्याचा उल्लेख असावा, हा आग्रह आत्तींचा होता.